पाठ टेकल्यावर

२०१० च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सहा आठवड्यांच्या अंतराने एकच डाव दोनदा पडला. २६ जूनला सॅन होझेमध्ये फाब्रिसिओ वेर्दुमने पाठीवर पडल्या पडल्या फेडोर एमेल्यानेन्कोची मान आणि एक हात पायांच्या कैचीत धरला. लढत सुरू होऊन ६९ सेकंद झाले होते. जवळजवळ दहा वर्षं न हरलेल्या फेडोरने हार कबूल केली. ७ ऑगस्टला, तिथून तासाभराच्या अंतरावरच्या ओकलंडमध्ये अँडरसन सिल्वाने त्याच कैचीत चेल सोनेनला पकडलं आणि चार फेऱ्या मार खाऊनही आपलं मिडलवेट विजेतेपद राखलं.

त्या काळी एमएमएच्या (मिश्र युद्धकलेच्या) चाहत्यांचा सर्वांत आवडता वाद, म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ लढवय्या कोण, प्रामुख्याने तीन नावांभोवती फिरत असे: रशियाचा फेडोर, ब्राझीलचा सिल्वा आणि कॅनडाचा जॉर्ज सेंट-पिएर. त्या एका डावाने फेडोरचं नाव खाली सरकवलं आणि सिल्वाचं वर उचललं. निकालांची वही ठेवणाऱ्याला एवढी नोंद पुरते. पण वही मिटून सिल्वा-सोनेन लढत पहिल्या घंटेपासून पाहिली, मधला भाग पुढे न ढकलता पाहिली, तर थोरवीचं वेगळंच गणित समोर येतं. ही लढत तेवीस मिनिटं दहा सेकंदांची आहे. त्यातली जवळजवळ सगळी मिनिटं शेवटी जिंकणारा माणूस हरत असतो.

आकड्यांवर चालणारा वाद मलाही आवडतो. हबीब नुर्मागोमेदोव २९ लढती खेळला आणि एकही हरला नाही. डिमेट्रियस जॉन्सनने सलग ११ वेळा विजेतेपद राखून सिल्वाचा १० चा विक्रम मोडला. सेंट-पिएर कारकिर्दीत दोनदाच हरला आणि दोन्ही पराभवांची परतफेड त्याच माणसांना हरवून केली. जॉन जोन्सच्या नावावर एकच पराभव आहे, तोही नियमबाह्य कोपर मारल्याबद्दल बाद ठरवल्यामुळे. आणि २०२४ मध्ये तो नियमच काढून टाकला गेला. प्रत्येकाचा वकील आपापला आकडा पुढे करतो. पण हे आकडे एका मापाचे नाहीत. फेडोर ज्या जपानी ‘प्राइड’ स्पर्धेत मोठा झाला तिथे पहिली फेरी दहा मिनिटांची असे, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारलेली चाले आणि निर्णय संपूर्ण लढतीवर दिला जाई. अमेरिकी ‘यूएफसी’ स्पर्धेत फेरी पाच मिनिटांची, प्रत्येक फेरीचे गुण वेगळे, आणि प्राइडमध्ये डोक्यावर मारायला बंदी असलेलं कोपर इथे हत्यार. शिवाय वजनी गट वेगळे, काळ वेगळा, प्रतिस्पर्ध्यांचा कसही वेगळा. आकडे शेजारी शेजारी मांडता येतात, पण त्यांची बेरीज होत नाही. मग एखादी लढत नीट वाचणं हाच मार्ग उरतो.

ओकलंडच्या त्या रात्री पिंजऱ्यात उतरलेले दोघे दोन वेगळ्या विद्यांचे होते. सिल्वा तेव्हा ३५ वर्षांचा होता. यूएफसीतल्या सलग ११ लढती त्याने जिंकल्या होत्या. उभ्याने लढण्यात त्याच्याइतका देखणा माणूस या खेळाने क्वचितच पाहिला असेल. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात, स्वतःपेक्षा वरच्या वजनगटातल्या फॉरेस्ट ग्रिफिनला त्याने हात खाली सोडून, फक्त कमरेतून झुकून ठोसे चुकवत, मागे जाता जाता झोपवलं होतं. पण चारच महिन्यांपूर्वी अबू धाबीत डेमियन मायाविरुद्ध तो पंचवीस मिनिटं वाकुल्या दाखवत, टिंगल करत राहिला होता आणि यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट जाहीरपणे संतापले होते. ओकलंडला आलेला सिल्वा अजिंक्य होता, पण लाडका उरला नव्हता.

सोनेन ओरेगॉनचा, कॉलेजपासून घडलेला कुस्तीगीर. त्याच्याकडे सिल्वासारखा एकही फटका नव्हता. होती ती दोन हत्यारं: न थकता पुढे जाण्याची ताकद आणि जीभ. लढतीआधीचे कित्येक महिने तो सिल्वाबद्दल, ब्राझीलबद्दल, सिल्वाचे गुरू असलेल्या नोगेइरा बंधूंबद्दल वाट्टेल ते बोलत होता. नोगेइरांनी दिलेला जिउ-जित्सूचा काळा पट्टा म्हणजे लहान मुलांच्या खाऊसोबत फुकट मिळणारं खेळणं, अशी टवाळीही त्याने केली होती. सिल्वा गप्प राहिला. हे सगळं बोलण्यापुरतंच राहणार आणि पिंजऱ्यात सोनेनचा फुगा फुटणार, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं.

पहिल्या फेरीत हे गृहीतक कोसळतं. सोनेन सरळ चालत पुढे जातो. यात डावपेच फारसा नाही. पण सिल्वाची सगळी कला समोरच्याच्या संकोचावर उभी होती, हे सोनेनने ओळखलेलं असतं. समोरचा थांबतो, अंदाज घेतो, आणि त्या थांबण्याच्या क्षणात सिल्वा त्याला मोजून घेतो. सोनेन थांबतच नाही. त्याचा डावा ठोसा लागतो आणि सिल्वा डळमळतो. हे दृश्य प्रेक्षकांनी यूएफसीत पाहिलेलं नव्हतं; प्रेक्षागृहाचा आवाजच बदलतो. मग सोनेन पट काढतो, सिल्वाला खाली घेतो आणि छातीवर झुकून मारायला लागतो.

कुस्तीवर वाढलेल्या मराठी डोळ्याला इथून पुढची लढत चुकीची दिसण्याची शक्यता जास्त, म्हणून जरा थांबायला हवं. आपल्या मातीत दोन्ही खांदे टेकले की मल्ल चीत झाला. हलगी थांबते, पटका उडतो, पुढे काही उरत नाही. सोनेनची विद्याही त्याच कुळातली: पट काढा, ताबा घ्या, पाठ टेकवा. कोल्हापूरच्या खासबागेतल्या पंचाने ही लढत पहिल्या फेरीतच निकाली काढली असती. जिउ-जित्सूत मात्र पाठ टेकणं हा शेवट धरत नाहीत. १९१४ मध्ये ब्राझीलला पोचलेल्या मित्सुयो मायदा या जपानी जूदोपटूकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबाकडे आली आणि त्यांनी जमिनीवरच्या लढतीवर पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतली. खाली पडलेला माणूस आपले दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती राखून असेल, तर त्या स्थितीला गार्ड म्हणतात. गार्डमध्ये खालच्याला वरच्यापेक्षा दोन अवयव जास्त मोकळे असतात. वरच्याचे गुडघे जमिनीला खिळलेले, खालच्याचे पाय मात्र हातांसारखे काम करू शकतात. म्हणजे सोनेन आणि सिल्वा एकाच जागी, एकमेकांना चिकटून आहेत आणि त्या जागेचा अर्थ दोघांच्या लेखी वेगळा आहे. एकासाठी तो विजयाचा पुरावा, दुसऱ्यासाठी अजून चालू असलेली बोलणी.

दुसरी आणि तिसरी फेरी जवळजवळ सारखीच जाते, आणि इथेच बहुतेक प्रेक्षक कंटाळतात. फेरी सुरू होते, सोनेन पुढे जातो, सिल्वा खाली येतो, सोनेन मारत राहतो. फटके फार जड नसतात. ते बारीक, सततचे, बरगड्यांवर, कानावर, गालावर. पूर्ण लढतीत सोनेनने असे तीनशेच्या आसपास फटके लगावले. पण पुनरावृत्तीतच या भागाची खुमारी आहे. सोनेनच्या प्रत्येक फेरीत एकच वाक्य आहे आणि तो ते जास्त ठामपणे म्हणत जातो. सिल्वाकडे पाहिलं तर तो काहीतरी शोधताना दिसतो: वरच्याचं डोकं छातीशी ओढून धरणं, मनगटावर हात ठेवणं, खालून कोपर मारणं, गार्ड सुटू न देणं. आपल्याला बरगडीची दुखापत होती, असं त्याने नंतर सांगितलं. ते खरं मानलं तर मधली मिनिटं पाहणं आणखी अवघड होतं. रसांच्या भाषेत सांगायचं तर लढतीआधीच्या हास्यातून आपण रौद्रात आणि तिथून पार बीभत्सात उतरलेलो असतो. पाहणाऱ्याच्या मनात केव्हातरी येतं, हे थांबायला हवं.

चौथ्या फेरीत काही क्षण चित्र फिरतं. उभ्याने सिल्वाचे फटके लागतात, सोनेन घसरतो, जुना सिल्वा चमकून जातो. प्रेक्षक उठून उभे राहतात. पण फेरी संपते तेव्हा पुन्हा सोनेनच वर असतो. ही फेरी मला फार महत्त्वाची वाटते, कारण सामान्य कथेत नायकाचं पुनरागमन इथूनच सुरू झालं असतं. इथे आशा दाखवून ती काढून घेतली जाते. चारही फेऱ्या सोनेनच्या खात्यात गेलेल्या. गुणांच्या हिशेबाने सिल्वाकडे आता काहीच उरलेलं नाही. पाचवी फेरी जिंकूनही तो हरणार. त्याला निकालीच जिंकायला हवं.

आणि सोनेनला? त्याला फक्त पाच मिनिटं टिकायचं आहे.

पाचव्या फेरीत तो टिकण्याचा विचारही करत नाही, ही त्याची थोरवी आणि तीच त्याची गफलत. तो पुन्हा वर येतो आणि पुन्हा तेच वाक्य म्हणायला लागतो. मारायचं तर हात मोकळा हवा आणि अंग पुढे झुकवायला हवं. नुसतं दाबून धरायचं असतं तर दोन्ही कोपरं अंगाशी आवळून, डोकं सिल्वाच्या छातीत खुपसून तो सुरक्षित राहिला असता. तेविसाव्या मिनिटाला सिल्वा त्याचं एक मनगट पकडून ठेवतो, कंबर उचलतो आणि एक पाय त्याच्या मानेवरून टाकतो. दुसऱ्या पायाचा गुडघा पहिल्याच्या घोट्यावर बसतो. कैची पूर्ण होते.

या कैचीचं नाव ट्रायअँगल. हा डाव समजून घेतला तर त्याची क्रूर गंमत कळते. कैचीत वरच्याचा एक हात आत आणि एक बाहेर असावा लागतो. दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर असले तर डाव जमत नाही. मानेच्या एका बाजूला खालच्याची मांडी दाबते. दुसऱ्या बाजूला दाबतो तो सापडलेल्याचा स्वतःचाच खांदा. श्वासनलिकेला धक्का न लागताही मेंदूकडे जाणारं रक्त अडतं आणि काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. सुटण्यासाठी ताठ उभं राहून मान वर काढायची असते. तेवीस मिनिटं झुकून मारलेल्या माणसाच्या पाठीत तो ताठपणा कुठून येणार? सिल्वा आत सापडलेला हात सरळ ओढून कोपरावरही ताण देतो. मान आणि कोपर दोन्ही एकाच वेळी. सोनेन टॅप करतो, म्हणजे हाताने थोपटून हार मानतो, आणि पंच जॉश रोझेंथल लढत थांबवतात. घड्याळात तीन मिनिटं दहा सेकंद झालेली असतात. एक मिनिट पन्नास सेकंद उरलेले असतात.

त्या रात्रीपासून या शेवटाला चमत्कार म्हणायची पद्धत पडली आहे. सिल्वाचे भक्त त्याला दैवी पुनरागमन म्हणतात, विरोधक नशीब म्हणतात. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. अद्भुत रस पहिल्यांदा पाहताना येतो, यात वाद नाही. दुसऱ्यांदा पाहताना तो ओसरतो आणि त्याच्या जागी काहीतरी अटळ दिसायला लागतं. सोनेनचा इतिहास काढून पाहा. २००५ मध्ये रेनातो सोब्रालने त्याला ट्रायअँगलमध्येच धरलं होतं. २००७ मध्ये पाउलो फिल्योविरुद्ध तो हाताच्या डावात हरला. २००९ मध्ये लंडनला डेमियन मायाने पुन्हा ट्रायअँगल. सोनेनची पुढे जाण्याची वृत्ती जिथे त्याला जिंकून देत होती तिथेच त्याचा हात आणि मान उघडी टाकत होती. आता सिल्वाकडे पाहा. २००७ मध्ये ट्रॅव्हिस लटर या जिउ-जित्सूच्या जाणकाराने त्याला खाली घेऊन थेट छातीवर बसकण मारली होती, आणि ती लढतही सिल्वाने खालूनच, ट्रायअँगल लावून वर कोपर मारत संपवली होती. दोघांच्या आधीच्या पानांवर हा शेवट लिहिलेला होता. फक्त तो तेविसाव्या मिनिटापर्यंत पुढे ढकलला गेला.

हा शेवट सिल्वाच्याही आधी लिहिला गेला होता. ज्या नोगेइराच्या पट्ट्याची सोनेनने टवाळी केली, त्या आंतोनिओ रोद्रिगो नोगेइराची ख्याती नेमकी अशा लढतींची होती. २००२ मध्ये टोकियोत त्याच्याहून साठेक किलोंनी जड असलेल्या बॉब सॅपने त्याला अक्षरशः उचलून डोक्यावर आपटलं. नोगेइराने दुसऱ्या फेरीत त्याचा हात धरून लढत संपवली. आणखी मागे गेलं तर १६ डिसेंबर १९९४ ची टल्सा इथली यूएफसीची चौथी स्पर्धा सापडते. अंतिम लढतीत होईस ग्रेसीवर डॅन सेव्हर्न हा तीसहून अधिक किलोंनी जड कुस्तीगीर पंधरा मिनिटांहून जास्त वेळ बसून होता. तेव्हा फेऱ्या नव्हत्या, गुण नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती. ग्रेसी खाली पडून वाट पाहत राहिला आणि अखेर ट्रायअँगल लावला. प्रक्षेपणाचा वेळ संपल्यामुळे घरोघरी पैसे भरून बघत बसलेल्या अनेकांना तो शेवट दिसलाच नाही. कुस्तीगीर वर, जिउ-जित्सूवाला खाली, आणि शेवटी तीच कैची. सोळा वर्षांनी ओकलंडमध्ये त्याच कथेची आवृत्ती निघाली. फरक एवढाच की या वेळी घड्याळ आणि गुण दोन्ही खालच्या माणसाच्या विरोधात होते.

आता सॅन होझेकडे परत वळायला हरकत नाही. फेडोरचा पराभव निव्वळ घाईचा मानला जातो. वेर्दुम पडला, फेडोर उत्साहाने त्याच्यावर झेपावला आणि सापडला. पण फेडोर तिथे गेला तो सवयीने, आणि ती सवय त्याच्या मोठेपणाचा पाया होती. १६ मार्च २००३ ला योकोहामात त्याने नोगेइराकडून प्राइडचं हेवीवेट विजेतेपद घेतलं, ते जगातल्या सर्वांत धोकादायक गार्डमध्ये शिरून, तिथेच बसून, वरून ठोसे हाणून. बाकीचे जिथे पाय ठेवायला भीत तिथे तो घर करत असे. सात वर्षांनी त्याच दारातून तो आत गेला आणि आतला माणूस या वेळी वेर्दुम होता, जिउ-जित्सूचा विश्वविजेता. फेडोर आणि सोनेन दोघांना त्यांच्या सर्वोत्तम गुणाने गोत्यात आणलं. एकाला त्यासाठी एक मिनिट लागलं, दुसऱ्याला तेवीस.

म्हणून वेर्दुमविरुद्धच्या लढतीने फेडोर लहान ठरतो, हे मला पटत नाही. एका मिनिटाची ती लढत वाचायला फार तोकडी आहे. तिच्यात प्रश्न विचारला जायच्या आधीच उत्तर येतं. फेडोर वाचायचा तर योकोहामाची ती लढत किंवा २८ ऑगस्ट २००५ ची सैतामातली मिर्को क्रो कॉपविरुद्धची लढत वाचावी. क्रो कॉपच्या डाव्या लाथेने भलेभले झोपत असत, फेडोरचा सख्खा भाऊही त्याच लाथेला बळी पडला होता. फेडोर त्या लाथेपासून दूर पळाला नाही. तो वीस मिनिटं तिच्या इतका जवळ राहिला की ती सुटायला जागाच मिळाली नाही.

ओकलंडच्या लढतीवर डागही आहे. या लढतीसाठी घेतलेल्या चाचणीत सोनेनच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण मर्यादेबाहेर सापडलं. आपण वैद्यकीय उपचार घेत होतो, असं त्याचं म्हणणं होतं. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने त्याच्यावर वर्षाची बंदी घातली, अपिलानंतर ती सहा महिन्यांवर आली. त्याच्या त्या न थकण्याकडे त्यानंतर निखळ नजरेने पाहता येत नाही. सिल्वाचे चाहते यावरून खूप दिवस मिरवले. २०१५ मध्ये निक डियाझविरुद्धच्या लढतीच्या चाचण्यांमध्ये सिल्वा स्वतःच सापडला आणि ती मिरवणूक थांबली. जोन्सच्या बाबतीतही असंच झालं. सर्वश्रेष्ठांच्या यादीतून डाग असलेली नावं काढायची म्हटली तर यादी फार आखूड होते आणि ठेवायची म्हटली तर लाज वाटते. निदान एकेका लढतीविषयी बोलताना आपण काय पाहिलं आणि त्यात काय मिसळलेलं होतं, हे दोन्ही एकत्र सांगता येतं. सलग विजयांच्या आकड्यात ती सोय नाही.

दुसरा डाग पाहणाऱ्यावर आहे. तेवीस मिनिटं एका माणसाच्या डोक्यावर फटके पडताना आपण ‘कला’ शोधत बसतो. मेंदूला बसणाऱ्या या माराची किंमत खेळाडू पुढे मोजतात आणि सिल्वा खूप वर्षं खेळत राहिला. २०१३ च्या जुलैत क्रिस वाइडमनपुढे हात खाली सोडून वाकुल्या दाखवताना तो झोपला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याच वाइडमनविरुद्ध लाथ मारताना त्याची नडगी मोडली. हे सगळं माहीत असताना ओकलंडची लढत सुंदर म्हणायला जीभ अडखळते. सुंदर हा शब्द मी ग्रिफिनविरुद्धच्या लढतीसाठी राखून ठेवतो. ओकलंडच्या लढतीला अर्थपूर्ण म्हणतो.

या दोन लढतींतला फरकच वादाच्या मुळाशी नेतो. ग्रिफिनविरुद्ध सिल्वा काय करू शकतो ते दिसलं. त्याला काय होऊ शकतं ते दिसलं नाही. समोरच्याने प्रश्नच विचारला नव्हता. तीच गोष्ट २०११ मध्ये व्हितोर बेलफोर्टला हनुवटीखाली लाथ मारून पाडण्याची. तो क्षण हजार वेळा दाखवला जातो, पण त्यात बेलफोर्टच्या जागी दुसरं कोणीही चाललं असतं. ओकलंडमध्ये सोनेनच्या जागी दुसरं कोणी चालत नाही. सिल्वाला सर्वांत नकोशा जागी नेऊन तिथे तेवीस मिनिटं बसवून ठेवणारा माणूस हवा होता आणि तो सोनेनच होता. ही लढत दोघांनी मिळून लिहिली आहे. शेवटची ओळ सिल्वाची असली तरी बाकीची पानं सोनेनच्या हातची आहेत.

या कसोटीवर इतर नावंही वेगळी दिसायला लागतात. जोन्सच्या मोठेपणाची खरी साक्ष त्याने सहज जिंकलेल्या लढती देत नाहीत. ती २१ सप्टेंबर २०१३ ला टोरांटोत मिळते, जिथे अलेक्झांडर गुस्टाफसनने त्याला कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पाडलं, रक्तबंबाळ केलं, आणि जोन्सला चौथ्या फेरीत गिरकी घेऊन मारलेल्या कोपराच्या बळावर लढत परत खेचावी लागली. सेंट-पिएरची साक्ष मॅट सेराकडे आहे. २००७ मध्ये सेराने त्याला पाडलं नसतं तर नंतरचा काटेकोर, एकही धोका न पत्करणारा सेंट-पिएर घडलाच नसता. फेडोरजवळ नोगेइरा आणि क्रो कॉप आहेत. सर्वांत अवघड जातो तो हबीब. त्याला नकोशा जागी कोणीच नेऊ शकलं नाही. त्याचे भक्त म्हणतात, हेच तर त्याचं मोठेपण. असेलही, पण ते वाचता येत नाही. २९ लढतींत दुसऱ्या कोणाला फारसं काही लिहूच दिलं गेलं नाही.

तरी हबीबची शेवटची लढत या लेखाच्या कक्षेत येतेच. २४ ऑक्टोबर २०२० ला अबू धाबीत, काही महिन्यांपूर्वीच वडील गमावलेला दागेस्तानचा हा कुस्तीगीर जस्टिन गेथजीच्या छातीवर बसला होता. आयुष्यभर त्याने वर राहून माणसांना दाबलं, थकवलं, मोडलं. त्या दिवशी त्याने वरची जागा आपणहून सोडली, पाय गेथजीच्या मानेभोवती टाकले आणि मागे लवंडून स्वतःची पाठ टेकवली. गेथजीने टॅप केलं, पंचांच्या लक्षात येईपर्यंत त्याची शुद्ध हरपली होती. पुन्हा ट्रायअँगल. टल्सातल्या सेव्हर्नपासून ओकलंडच्या सोनेनपर्यंत कुस्तीगिरांना ज्या डावाने धडा शिकवला, तो डाव अखेर या खेळातल्या सर्वांत मोठ्या कुस्तीगिराच्या पायांत येऊन बसला होता. दोन विद्यांमधलं भांडण कोणी एकाने जिंकून मिटलं नाही. एकीने दुसरीची जागा शिकून घेतली.

सर्वश्रेष्ठ कोण, हा वाद चालूच राहावा. त्याच्याशिवाय या खेळाचं अर्धं सुख जाईल. एक नाव सांगाच असा आग्रह झाला तर मी सेंट-पिएर म्हणेन, कारण पराभवातून शिकणं त्याच्याइतकं नीट कोणी केलं नाही. पण माझी एक अट राहील: प्रत्येकाने आपल्या खेळाडूच्या नावासोबत त्याला सर्वांत जास्त छळणाऱ्याचंही नाव सांगावं आणि ती लढत पूर्ण पाहिलेली असावी. सिल्वाच्या भक्ताला मग सोनेनचं नाव घ्यावं लागेल, बहुधा नाइलाजाने. ज्या माणसाला आपण वाचाळ म्हणून हसलो, त्याच्याच मेहनतीमुळे आपला नायक आपल्याला कळला, हे त्याला मान्य करावं लागेल. आणि ज्याला असं दुसरं नाव सांगता येणार नाही, त्याचा खेळाडू कितीही अजिंक्य असो, त्याच्याविषयी फार वेळ वाद घालता येणार नाही.